कातडी न कापता उत्तर दिशा कळवणारा कमरपट्टा

बोटात चुंबक बसवलं म्हणजे उत्तर दिशा कळत नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पॉलिटेक्निकची पोरं दुकानात येतात, मोबाईलवर व्हिडिओ दाखवतात आणि हेच विचारतात, "ताई, हे बसवलं की पाखरागत दिशा कळती म्हणं, खरंय का?" खरं नाही. कातडीखाली जे चुंबक बसवतात ते जेमतेम तीन मिलिमीटरचं, निओडिमियमचं असतं. शरीरात गंजू नये म्हणून त्यावर सोनं, टायटॅनियम नायट्राइड नाहीतर पॅरिलीन या प्लास्टिकचा थर देतात. मिक्सर किंवा ट्रान्सफॉर्मर जवळ आला की त्यातल्या एसी करंटमुळं ते थरथरतं आणि बोटाला ती थरथर जाणवते. पृथ्वीचं चुंबकत्व आपल्या भागात साधारण ४० मायक्रोटेस्ला, तेही स्थिर. एवढ्याशा चुंबकाला त्यानं दिलेला पीळ मांसाला कळत नाही. वर पुढं कधी एमआरआय काढायची वेळ आली की अडचण. म्हणजे बोट चिरून मिळवायचं काय, तर मिक्सर चालू आहे ही बातमी, जी शेजारच्या घरालाही ऐकू येत असते.

माझं उदगीरला दुकान आहे. एका अंगाला साडीचं फॉल-पिको, दुसऱ्या अंगाला मोबाईल रिपेरिंग. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं होतं, लग्नानंतर शिवणमशीन आलं, दोन्ही टिकलं. या पट्ट्याला दोन्ही कामं लागतात, म्हणून कृती सविस्तर लिहिते आहे.

पट्टा केला तो मामांसाठी. मामा मांजराकाठी रेणापूर तालुक्यात राहतात. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं गेली, मधली थोडी उरली. घरात, अंगणात, पारावर त्यांचं काही अडत नाही. अडतं ते उसात. ऊस डोक्याच्या वर गेला की चारी बाजू सारख्याच, आणि मामांना वरचं आभाळही नीट दिसत नाही. "बांध उगवतीला हाय का मावळतीला, तेच समजंना गेलंय बग," असं ते म्हणाले. तसं तर धडधाकट नजरेचा माझा मामेभाऊसुद्धा रात्रीच्या लाइटीला दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला जातो आणि उसातून भलत्याच बांधाला निघतो. गावात म्हणतात चकवा लागला.

चकव्याचं कारण भुताखेतात शोधायला नको. २००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना घनदाट जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बरीच सरळ चालली. आभाळ भरलं, चंद्र गेला, की गोल गोल फिरून आपल्याच पायवाटेला छेदू लागली. आपण सरळच चाललोय अशी त्यांची खात्री होती. पायाला सरळ रेषा आतून कळत नाही, ती बाहेरून कुणीतरी सतत सांगावी लागते. मग ते सांगणारं यंत्र अंगात बसवायचं की अंगावर, एवढाच प्रश्न उरतो.

अंगात बसवण्याबद्दल जे ऐकू येतं त्यातलं बरंचसं अंगात नसतंच. लंडनच्या सायबॉर्ग नेस्ट कंपनीचं ‘नॉर्थ सेन्स’ हे त्यातलं गाजलेलं. ते छातीवर कातडीच्या बाहेर असतं, फक्त दोन टायटॅनियमच्या दांड्या नथ टोचतात तशा कातडीतून आरपार घालून त्यावर ते अडकवायचं. तोंड उत्तरेला झालं की ते थरथरतं. ‘नॉर्थस्टार’ नावाचं यंत्र २०१५ साली जर्मनीत काही जणांच्या हातात खरोखर कातडीखाली बसवलं गेलं. पण नाव ध्रुवताऱ्याचं आणि काम एवढंच, की चुंबक जवळ नेलं की कातडीखालचे लाल दिवे लागतात. दिशेचा संबंध नाही. दिशा थेट मेंदूला पोचवण्याचं काम टोकियो विद्यापीठात झालं, तेही २०१५ सालीच, पण उंदरांवर. डोळे बंद केलेल्या उंदरांच्या डोक्यावर चुंबकीय होकायंत्र बसवून त्याच्या तारा मेंदूच्या दृष्टीच्या भागात सोडल्या. सरावानंतर ते उंदीर चक्रव्यूहातून खाण्यापर्यंत जवळजवळ डोळस उंदरांइतकेच नीट पोचू लागले. माणसाच्या डोक्यात हे कुणी इतक्यात बसवून देणार नाही, आणि देतो म्हणाला तर त्याच्या दुकानातून आधी बाहेर पडा.

माणसांवरचं भक्कम काम झालंय ते साध्या कमरपट्ट्यावर. जर्मनीतल्या ओस्नाब्रुक विद्यापीठात पीटर क्योनिग यांच्या गटानं मोबाईलसारखे व्हायब्रेटर लावलेला पट्टा केला. उत्तरेकडं जो व्हायब्रेटर असेल तोच सतत वाजत राहायचा. चार जणांनी तो सहा आठवडे घातला आणि २००५ साली त्यावर लेख आला. चारपैकी दोघांना आपल्या गावाचा नकाशाच डोक्यात बदलल्यासारखा वाटला. पुढं त्यातूनच ‘फीलस्पेस’ ही कंपनी निघाली आणि अंधांसाठी तसले पट्टे विकू लागली. चिरफाड शून्य. आपण करायचा तो याच जातीचा.

सामान

मोबाईलचे नाण्यासारखे चपटे व्हायब्रेटर आठ नग, प्रत्येकी दहा मिलिमीटरचे, तीन व्होल्टचे. जुन्या हँडसेटमधून काढले तरी चालतात, पण आठही एकाच जातीचे घ्या, नाहीतर एक बाजू जोरात आणि एक मिणमिणीत वाजते. दिशा ओळखणारा चुंबकीय सेन्सर म्हणून ‘जीवाय २७१’ नावाचं निळं बोर्ड. डोकं म्हणून आर्डुइनो प्रो मिनी, म्हणजे आपला प्रोग्रॅम चालवणारं छोटं बोर्ड, ३.३ व्होल्टवालं. त्यात प्रोग्रॅम भरायला यूएसबीचं वेगळं छोटं बोर्ड लागतं, ते मागायला विसरू नका. यूएलएन २८०३ आयसी एक. १८६५० सेल (पुन्हा चार्ज होणारा लिथियमचा) एक, आणि टीपी ४०५६ चार्जिंग बोर्ड, संरक्षणाची आयसी असलेलंच. लॅपटॉपच्या मेलेल्या बॅटरीतला सेल काढून कमरेला बांधू नका, काही पोरं करतात. शिवाय दोन इंच रुंदीचं इलास्टिक, वेल्क्रो, प्लास्टिकचं बक्कल, बारीक लवचिक वायर (जुन्या कॉम्प्युटरची रिबन केबल उत्तम), सोल्डरवर चढवायची प्लास्टिकची नळी म्हणजे स्लीव्ह, ग्लू गन.

मी सामान हैदराबादला कोठीच्या गुजराती गल्लीतून आणते, उदगीरकरांना तेच सोयीचं. पुण्यातले तपकीर गल्लीत जातात. सगळं मिळून हजार-बाराशेच्या घरात बसतं.

सेन्सर घेताना एक लबाडी माहीत असू द्या. बोर्डावर, पाकिटावर एचएमसी ५८८३ एल असं छापलेलं असतं आणि आत चिप असते क्यूएमसी ५८८३ एल. चिप वाईट नाही, पण एकीचा प्रोग्रॅम दुसरीला चालत नाही. सेन्सर जोडून आधी पत्ता, म्हणजे बोर्ड ज्या नंबरनं सेन्सरला ओळखतं तो, शोधणारा स्कॅनर प्रोग्रॅम चालवा. पत्ता ‘१ई’ दिसला तर एचएमसी, ‘०डी’ दिसला तर क्यूएमसी, आणि मग त्या चिपची लायब्ररी, म्हणजे तिच्यासाठी तयार मिळणारा प्रोग्रॅमचा संच, घ्या. "सेन्सर खराब निघाला" म्हणून माझ्याकडं आलेल्यांपैकी बहुतेकांचं दुखणं एवढंच होतं.

जोडणी

प्रो मिनीच्या पिना थेट व्हायब्रेटर ओढू शकत नाहीत. एक व्हायब्रेटर साधारण ७०-८० मिलिअँपिअर खातो. म्हणून मध्ये यूएलएन २८०३. तिच्या १ ते ८ नंबरच्या पायांना प्रो मिनीच्या आठ पिना जोडा. समोरच्या ११ ते १८ पायांना व्हायब्रेटरची एकेक वायर, आणि सगळ्या व्हायब्रेटरची दुसरी वायर सेलच्या प्लसला. ९ नंबर पाय मायनसला. १० नंबर पाय प्लसला जोडायचा, तो रिकामा ठेवू नका. मोटार बंद होताना उलटा झटका मारते तो त्या वाटेनं जातो, नाहीतर बोर्ड मधूनच रिसेट होत राहतं. या आयसीत साधारण एक व्होल्ट गळतो ही तक्रार लोक करतात, आपल्याला ती पथ्यावर पडते. सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट, त्यातून एक गेला की तीन व्होल्टच्या मोटारीला हवं तेवढंच उरतं.

सेन्सरच्या दोन डेटा वायरी ए ४ आणि ए ५ ला, वीज ३.३ व्होल्टची.

व्हायब्रेटरच्या वायरी केसाएवढ्या बारीक असतात आणि सोल्डरच्या टाक्याजवळच तुटतात. प्रत्येक टाक्यावर स्लीव्ह चढवा, वर ग्लू गनचा थेंब सोडा, आणि वायर इलास्टिकवर नागमोडी टाका म्हणजे पट्टा ताणला तरी वायर ताणणार नाही. साडीला फॉल लावताना आपण कापड किंचित ढिलं सोडतो ना, तेच. घामासाठी बोर्डावर नेलपॉलिशचे दोन हात मारा, फक्त चार्जिंगचं तोंड आणि सेलचे पॉइंट सोडून.

पट्टा शिवणं

पट्टा करदोड्याच्या जागी येतो, बेंबीच्या सरळ रेषेत. पायात वाळ्यासारखा घालायचे प्रकारही निघालेत, पण घोट्याला आठ जागा वेगवेगळ्या ओळखू येत नाहीत आणि शेतात पाय चिखलात असतात. कमरेला बेंबीजवळ आणि पाठीच्या कण्याजवळ जागा फार नेमकी कळते, बरगडीच्या बाजूला थोडी कमी.

व्हायब्रेटरच्या खुणा पट्टा अंगावर ताणून घातल्यावर करा, टेबलावर मोजून नको. कंबर ८८ सेंटिमीटर असेल तर दर ११ सेंटिमीटरला एक. पहिला बेंबीवर, मग उजव्या हातानं फिरत नंबर द्या: तिसरा उजव्या कुशीला, पाचवा कण्यावर, सातवा डाव्या कुशीला. प्रत्येकाला सुती कापडाचा छोटा खिसा करा, बनियनवरून घालायचा असेल तर खिशाची आतली बाजू एकपदरीच ठेवा. बक्कल लोखंडी नको.

सेन्सर पट्ट्यावरच शिवायचा मोह होतो. तसं करू नका. प्रत्येक व्हायब्रेटरच्या पोटात चुंबक असतं आणि सेलचं कवच पोलादी असतं. पाठीकडं पट्ट्यापासून अर्धी वीत वर जाणारी कापडाची जीभ शिवा, आत प्लास्टिकची कडक पट्टी घाला आणि टोकाला सेन्सर बसवा. सेल पोटाच्या बाजूला, म्हणजे सेन्सरपासून लांबात लांब.

प्रोग्रॅमचं डोकं

लायब्ररीसोबत मिळणारा नमुना प्रोग्रॅम वाचनं देतो. त्यापुढं आपल्याला चार गोष्टी करायच्या.

सेन्सर आडव्या पातळीतली दोन वाचनं देतो, त्यावरून कोन काढायचा. लाइटच्या तारांखाली वाचन थरथरतं म्हणून दहा-वीस वाचनांची सरासरी घ्या, पण सरासरी त्या दोन वाचनांची घ्या, कोनाची नको. एकदा कोन ३५९ अंश आणि पुढच्या वेळी १ अंश आला तर खरी सरासरी उत्तर, आणि कोनांची बेरीज करून दोनानं भागली तर येते १८०, म्हणजे थेट दक्षिण.

मग ३६० मधून तो कोन वजा करून ४५ नं भागा, जवळच्या पूर्णांकाला आणा, की कोणता व्हायब्रेटर वाजवायचा ते कळतं: ० किंवा ८ आलं तर पहिला, १ आलं तर दुसरा, असं पुढं. उलटसुलट झालंय का ते पाहायची साधी खूण: उत्तरेला तोंड करा, बेंबीवरचा वाजला पाहिजे. आता उजवीकडं वळा, म्हणजे पूर्वेला. वाजणं डाव्या कुशीला गेलं पाहिजे. उजव्या कुशीला गेलं तर नंबर उलटे लागलेत.

दोन व्हायब्रेटरच्या सीमेवर उभं राहिलं की इकडून तिकडं फडफड होते. त्यासाठी सीमा ओलांडून पाचेक अंश पुढं गेल्याशिवाय बदलायचंच नाही असं प्रोग्रॅमला सांगा.

सतत वाजवत ठेवलं तर माझी कातडी मुंगी आल्यागत बधिर होते, म्हणून मी सेकंदाला एक छोटा ठोका ठेवला आहे, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याइतका. त्याचा दुसरा फायदा असा की वाचन दोन ठोक्यांच्या मधल्या शांत वेळात घेता येतं, मोटारीचा करंट सेन्सरला फसवत नाही. आणि सेल दिवसभर आरामात पुरतो.

लोखंड वजा करणं

पट्टा चालणार की फसणार हे इथं ठरतं, म्हणून घाई करू नका.

चुंबकीय सेन्सर पृथ्वी आणि लोखंड यात भेदभाव करत नाही. मुंबईला कुलाब्याची जी जुनी चुंबकीय वेधशाळा होती, ती शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर अलिबागला हलवावी लागली, १९०४ सालची गोष्ट. तेव्हा तुम्ही स्लॅबवर उभं राहून सेन्सर बसवायला जाल तर स्लॅबमधल्या सळया तुम्हाला उत्तर दाखवतील. घर, गच्ची, मोटारसायकल, लोखंडी पलंग, बोअरचा स्टार्टर, सगळ्यापासून लांब मोकळ्या रानात जा. आपल्या काळ्या पाषाणातही चुंबकी खनिज असतं, त्यामुळं विहिरीच्या कातळाला खेटून किंवा उघड्या खडकावरही हे काम नको. काळी माती भरपूर असलेलं सपाट वावर बघा.

पट्टा पूर्ण तयार करून, सेल घालून, अंगावर बांधून उभे राहा. खिशातला मोबाईल, किल्ल्या, सगळं लांब ठेवा, लॅपटॉपला जाणारी वायर लांब घ्या. सावकाश पूर्ण गिरकी घ्या आणि दोन्ही वाचनांचे जास्तीत जास्त आणि कमीत कमी आकडे लिहा. उदाहरणार्थ पहिल्याचे आले ५९०० आणि उणे ३३००. दोन्हींची बेरीज करून अर्धी केली की १३००. हे १३०० म्हणजे तुमच्या पट्ट्यातल्या लोखंडाचा आणि चुंबकांचा वाटा. यापुढं पहिल्या प्रत्येक वाचनातून १३०० वजा करायचे. दुसऱ्याचे आले ४१०० आणि उणे ४५००, तर मध्य उणे २००, म्हणजे त्यात २०० मिळवायचे. मग दोघांचा पल्ला बघा: पहिल्याचा मध्यापासून ४६००, दुसऱ्याचा ४३००. ते सारखे व्हावेत म्हणून दुसऱ्याला ४६०० भागिले ४३०० नं गुणा. वाचनांचा आलेख काढलात तर आधी बाजूला सरकलेला, किंचित चेपलेला गोल दिसेल, दुरुस्तीनंतर तो शून्याभोवती नीट बसेल. नाही बसला तर जवळपास लोखंड आहे, जागा बदला.

आता ताडून बघा, पण मोबाईलच्या होकायंत्राशी नको, त्याचंही हेच दुखणं असतं आणि चुंबकाचं कव्हर असेल तर विचारायलाच नको. रात्री ध्रुवतारा पाहा. आपल्याकडं तो फार खाली, क्षितिजापासून १८-१९ अंशांवरच असतो, हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की तेवढी उंची होते. उत्तरेला झाडं नसलेली जागा हवी. दिवसा करायचं तर ओळंब्यानं सरळ काठी रोवा आणि दुपारी सावली सगळ्यात आखूड होते तेव्हाची रेघ ओढा, ती नेमकी उत्तर दाखवते. मात्र मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत हे करू नका. त्या दिवसांत लातूर-उदगीरकडं भरदुपारी सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, सावली दक्षिणेला पडते किंवा पडतच नाही.

होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यात फरक असतो असं पुस्तकात वाचून काही जण हिशोब घालत बसतात. मराठवाड्यात तो फरक एक अंशाच्या आसपासच आहे, सोडून द्या. याहून मोठी सूट आपल्याला दुसऱ्या एका बाबतीत मिळते. पृथ्वीची चुंबकरेषा जमिनीला समांतर नसते, तिरकी घुसते: जर्मनीत पासष्ट-सत्तर अंशांनी, आपल्याकडं पंचविसाच्या आसपास. त्यामुळं माणूस दहा अंश कलला तर तिकडं दिशेत वीस-पंचवीस अंशांपर्यंत गोंधळ होतो, आपल्याकडं जास्तीत जास्त चार-पाच. आठ व्हायब्रेटरच्या पट्ट्याला चार-पाच अंश कळतही नाहीत. म्हणून कल सुधारणारा महागडा बीएनओ ०५५ सेन्सर उभ्यानं चालण्यासाठी आपल्याला लागत नाही. खुरपणीला ओणवं होऊन दिवसभर घालायचा असेल तर मात्र तोच घ्या.

घालून वावरणं

पहिले काही दिवस नुसती कटकट वाटते, कुणीतरी सारखं कमरेला बोट लावतंय अशी. त्या दिवसांत काही करायला जाऊ नका, नेहमीच्या रस्त्यानं नेहमीची कामं करा. मी बाजारात जाताना घालायचे. जी गल्ली मी आयुष्यभर सरळ समजत होते तिथं ठोका बेंबीवरून हळूच उजवीकडं सरकायचा, मग कळायचं की गल्ली डावीकडं वळत जाते. असं दहा ठिकाणी कळलं की ठोक्याकडं लक्ष द्यावं लागत नाही, दिशा आपसूक माहीत असते.

मामांचं शिकणं माझ्यापेक्षा लवकर झालं. त्यांच्या पिढीचं बोलणंच दिशांचं: उगवतीचं वावर, मावळतीची विहीर, भाकरी चुलीच्या दक्षिणंला ठेवलीय. त्यांना गावाचा नकाशा तोंडपाठ होता, फक्त आपण त्यात कुठं तोंड करून उभे आहोत ते हरवलं होतं. पट्टा बांधून उसाच्या सरीतून पलीकडच्या बांधावर निघाले तेव्हा म्हणाले, "आता उत्तर पाटीला हाय. म्हंजी तोंड गावाकडं हाय माजं."

नंतर त्यांनी मागणी केली की उत्तर राहू दे, घर कुठं आहे ते वाजव. जीपीएसचं बोर्ड लावून ते होतं. मामेभावाच्या पट्ट्यात मी स्टार्टरच्या खोलीची जागा तशी भरून दिली आहे, रात्री त्याला तेवढंच हवं असतं. मामांच्या पट्ट्यात नाही घातलं. उत्तर कळली की बाकी सगळं ते स्वतः जुळवतात. घराकडं ओढणारा पट्टा दिला तर ते नुसते त्याच्यामागं चालतील, आणि घराच्या सरळ रेषेत विहीर आहे.

विहिरीवरून आठवलं, पट्ट्याला खड्डा, काटेरी तार, बैल, विहीर यातलं काहीच कळत नाही. ज्यांची नजर कमी आहे त्यांची काठी सुटता कामा नये. पट्टा दिशा सांगतो, वाट नाही.

बाकी बारीकसारीक: खोरं खांद्यावर असलं तर चालतं, कोयता कमरेला खोचला तर उत्तर कोयत्याकडं जाते. एसटीत आणि रेल्वेच्या डब्यात पट्टा बंद ठेवा, चारी बाजूंनी पोलाद असतं. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नये आणि व्हायब्रेटर त्याच्याजवळ नेऊच नये, मोटारीत चुंबक आहे. पट्टा धुताना जीभ आणि बोर्ड काढता यावेत म्हणून ते वेल्क्रोवरच ठेवा.

तरीही अंगातच हवं असेल तर

आधी पट्टा दोन-तीन महिने घाला. बहुतेकांची हौस तिथंच फिटते किंवा गरज तिथंच भागते.

त्यानंतरही हवं असेल तर स्वतःला हे विचारा की बॅटरी कुठं राहणार. खरी अडचण सेन्सरची नाही, तो नखाएवढा असतो. २०१३ साली अमेरिकेच्या टिम कॅनन यांनी शरीराचं तापमान नोंदवणारं यंत्र बॅटरीसकट हातात कातडीखाली बसवून घेतलं होतं. ते एवढं मोठं होतं की हाताला उंचवटा आला, आणि काही महिन्यांत ते काढलं. लिथियमची बॅटरी शरीरात फुगली किंवा गळली तर काय, याचं उत्तर हौशी यंत्रांकडं नसतं. पेसमेकरमध्ये असते ती वेगळ्या जातीची, टायटॅनियमच्या पेटीत सीलबंद. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे बहिऱ्यांच्या कानात बसवायचं यंत्र, करणाऱ्यांनी तर बॅटरी बाहेरच ठेवली, कानामागच्या भागातून कातडीपार वीज आत जाते. दिशेचं इम्प्लांट कधी नीट आलंच तर ते याच वाटेनं येईल असं मला वाटतं, आणि तेव्हाही बाहेर काहीतरी बांधावंच लागेल.

भारतात शरीरात बसवायच्या उपकरणांना २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स लागू आहेत. कुणी बसवून देतो म्हणालं तर परवाना दाखवा म्हणा, वरचं आवरण कशाचं ते विचारा, एमआरआय चालेल का विचारा, आणि काढायचं झालं तर कोण काढणार हे लेखी घ्या. टॅटू-पिअर्सिंगवाल्याकडून सुई टोचून घेणं वेगळं, कातडी उघडून आत वस्तू ठेवणं वेगळं. दुसरं काम नोंदणीकृत डॉक्टरचं.

पट्टा करताना कुठं अडलात तर दुकानात या, पण येताना सेन्सरचा पत्ता आणि चारी दिशांना तोंड करून घेतलेली वाचनं कागदावर लिहून आणा. "ताई, चालंना गेलंय" एवढ्यावरून मला काही सांगता येत नाही.